आज्ञाधारक मुलीची साक्ष

आत्मचरित्र हा वाङ्मयप्रकार शिकविताना दरवर्षी आमच्यापुढे एकच अडचण उभी राहते. 'मी' हा शब्द विद्यार्थी फार सहजपणे स्वीकारतात. ज्याचे आयुष्य त्याचाच 'मी', अशी त्यांची साधी समजूत असते. मग निवेदक कोण, स्मृती कोणाची, सांगण्यासारखे काय आणि वगळण्यासारखे काय हे कोणी ठरविले, हे सारे प्रश्न त्यांना अभ्यासक्रमाने लादलेली कवायत वाटू लागतात. ही कोंडी फोडण्यासाठी आम्ही एकदा वर्गात एक जुना अमेरिकन मूकपट दाखविला. 'कॅप्टन जॅन्युअरी', साल १९२४. लॉरा रिचर्ड्‌स यांच्या एकोणिसाव्या शतकातील कथेवर तो बेतलेला आहे. समुद्रातून वाहून आलेल्या एका तान्ह्या मुलीला दीपगृहाचा म्हातारा रखवालदार वाढवितो आणि पुढे तिचे नातेवाईक सापडतात, तेव्हा दोघांची ताटातूट होते. पडद्यावरच्या पाच वर्षांच्या मुलीचा चेहरा रडवेला झाला आणि मागच्या बाकावरून एका विद्यार्थिनीने विचारले, "मॅडम, ही खरंच रडतेय का?"

आमच्यापाशी उत्तर नव्हते. अभिनय आणि रडणे यांतला फरक वयाच्या पाचव्या वर्षी त्या मुलीला तरी ठाऊक असेल काय, असा प्रतिप्रश्न करून आम्ही वेळ मारून नेली. परंतु तो प्रश्न मनातून गेला नाही. त्याचा पाठपुरावा करताना आम्ही जिथे पोहोचलो, ते या लेखात मांडावयाचे आहे. ती मुलगी म्हणजे 'बेबी पेगी'. पुढे तीच डायना सेरा केरी या नावाने ग्रंथकार झाली. मराठीत लिहिताना एक गोष्ट आपोआप घडते. लहान मुलीला आपण 'ती' म्हणतो, प्रौढ लेखिकेला 'त्या' म्हणतो. इंग्रजीत ही सोय नाही. या लेखातही आम्ही तसेच म्हणणार आहोत, कारण 'ती'पासून 'त्या'पर्यंतचे अंतर हाच या आयुष्याचा खरा विषय आहे, असे आमचे मत झाले आहे.

आधी तिची हकीकत. पेगी-जीन माँटगोमेरी हिचा जन्म २९ ऑक्टोबर १९१८ रोजी कॅलिफोर्नियात सॅन डिएगो येथे झाला. वडील जॅक माँटगोमेरी हे घोड्यावर वाढलेले गृहस्थ. काऊबॉयचा मूळ धंदा बसत चालला, तेव्हा अशा अनेकांनी हॉलीवूडची वाट धरली. तेही त्यांतलेच एक. टॉम मिक्ससारख्या नायकांच्या चित्रपटांत जोखमीची घोडेस्वारी करावी, पडावे, झडावे आणि रोजंदारी घ्यावी, असे त्यांचे जिणे होते. पेगी एकोणीस महिन्यांची असताना तिची आई तिला घेऊन सेंच्युरी या स्टुडिओत गेली. तिथे दिग्दर्शक फ्रेड फिशबॅक यांच्या नजरेत ती भरली. तिच्या दिसण्यापेक्षाही तिच्या वागण्याने. सांगितले तेवढे ऐकणारे, बस म्हटले की बसून राहणारे इतके लहान मूल त्यांनी पाहिले नसावे. ब्राउनी नावाचा एक शिकविलेला कुत्रा त्या काळी स्टुडिओच्या लघुपटांत लोकप्रिय होता. त्याच्या जोडीला ही मुलगी उभी करण्यात आली आणि १९२१ साली 'प्लेमेट्स' हा लघुपट पडद्यावर आला.

पुढच्या तीनएक वर्षांत तिने दीडशेच्या आसपास लघुपट केले. त्यांतल्या पुष्कळांत तिच्याकडून मोठ्यांची नक्कल करवून घेतलेली असे. गाजलेल्या नट-नट्यांचे हावभाव, त्यांचे पोशाख, त्यांचा शृंगारसुद्धा. 'कारमेन ज्युनिअर' हे नावच पुरेसे बोलके आहे. मग युनिव्हर्सल कंपनीचे मोठे कथापट आले, 'द डार्लिंग ऑफ न्यूयॉर्क' (१९२३) हा त्यांतला एक. त्यानंतर सॉल लेसर या निर्मात्याशी करार झाला. त्याची रक्कम वर्षाला १५ लाख डॉलर्स अशी सांगितली जाते. 'कॅप्टन जॅन्युअरी' हा त्याच काळातला. बेबी पेगीच्या बाहुल्या बाजारात आल्या. पुढे ज्युडी गार्लंड म्हणून जगाला ठाऊक झालेली एक लहान मुलगी त्या बाहुलीशी खेळत असे. १९२४ साली डेमोक्रॅटिक पक्षाच्या न्यूयॉर्कच्या अधिवेशनात शुभचिन्ह म्हणून पेगीला व्यासपीठावर उभे करण्यात आले. शेजारी फ्रँकलिन रूझवेल्ट होते. मुलीचे वय साडेपाच.

या यशाच्या मुळाशी काय होते? जॅक माँटगोमेरी यांना विचारले, तर ते अभिमानाने सांगत की आपली मुलगी आज्ञाधारक आहे. हस म्हटले की हसते, रड म्हटले की रडते, घाबर म्हटले की घाबरते. घोडा शिकविण्याची जी रीत त्यांना ठाऊक होती, तीच त्यांनी मुलीला लावली. हे आम्ही उपरोधाने म्हणत नाही. त्यांच्याजवळ दुसरी विद्याच नव्हती. आठवड्यातले सहा दिवस, दिवसाचे आठ तास ती काम करी. एका लघुपटासाठी तिला समुद्राच्या पाण्याखाली इतका वेळ धरून ठेवण्यात आले की ती बेशुद्ध पडली. 'द डार्लिंग ऑफ न्यूयॉर्क'मध्ये पेटलेल्या इमारतीतून ती एकटी बाहेर पडते. ती आग चित्रातली नव्हती, पेटविलेली होती. त्या काळी सुरक्षेचे नियम नव्हते, आणि स्टुडिओतले सगळे मोठे लोक मुलीच्या वडिलांच्या संमतीने वागत होते. संमती वडिलांची, पाणी आणि आग मुलीच्या वाट्याची.

शेवटही वडिलांच्याच हातून झाला. १९२५ साली पैशांच्या प्रश्नावरून त्यांचे लेसर यांच्याशी भांडण झाले आणि करार संपला. हॉलीवूडने या घराकडे पाठ फिरविली. 'एप्रिल फूल' (१९२६) या चित्रपटातल्या कामानंतर मूकपटांचे दार तिला बंदच झाले. मग ही सात वर्षांची भूतपूर्व नटी व्हॉडव्हिलच्या रंगमंचावर आली. गाव बदलायचे, रंगमहाल बदलायचा, खेळ तोच. या खेळांतून दिवसाला ३०० डॉलर्स मिळत. तिच्या हातात प्रत्येक खेळामागे पाच सेंटचे एक नाणे ठेवले जाई. बाकीचे मोटारी, घरे आणि कपडे यांत गेले. व्यवहार सांभाळणारा एक नातलग शिल्लक घेऊन नाहीसा झाला, आणि १९२९ च्या शेअर बाजारातील पडझडीने वायोमिंगमधल्या मळ्यासह उरलेलेही नेले. मुलीच्या शिक्षणासाठी एक डॉलरही बाजूला ठेवलेला नव्हता. १९३० च्या दशकाच्या आरंभी माँटगोमेरी कुटुंब हॉलीवूडला परतले, तेव्हा बेबी पेगी गर्दीच्या दृश्यांत उभे राहण्याचे काम करू लागली. १९३६ साली 'कॅप्टन जॅन्युअरी' पुन्हा काढण्यात आला. त्यात शर्ली टेंपल होती. त्या वर्षी पेगी अठरा वर्षांची झाली.

इथवरची कथा ऐकली की वाचक हळहळतो आणि 'हरपलेले बालपण' हा शब्दप्रयोग आपसूक त्याच्या ओठावर येतो. बालनटांविषयी मराठीत जे काही थोडेफार लिहिले जाते, तेही बहुधा याच सुरात लिहिले जाते. आमचा मतभेद इथून सुरू होतो.

ही हळहळ खोटी आहे, असे आम्हांला म्हणावयाचे नाही. पण ती पुरेशी नाही, आणि काही अंशी ती जुन्या व्यवहाराचाच पुढला हप्ता आहे. १९२४ साली प्रेक्षकाने तिकीट कशासाठी काढले? एक गोजिरवाणी मुलगी रडताना पाहावी आणि आपले मन हलके करून घरी जावे, यासाठी. शंभर वर्षांनी तिची कर्मकहाणी वाचणारा आपल्यासारखा वाचक वेगळे काय करतो? तोही तिच्या आयुष्यात तेच अश्रू शोधतो. फरक इतकाच की आता तिकिटाचे पैसे वडिलांकडे जात नाहीत. 'बिचारी' हा शब्द उच्चारल्याबरोबर आपण तिला पुन्हा 'ती' करून टाकतो. रडण्याच्या आज्ञेची वाट पाहणारी, दुसऱ्याच्या करुणेवर जगणारी. त्यानंतरची साठ-सत्तर वर्षे तिने काय केले, हे विचारण्याची गरजच मग उरत नाही.

करुणेची दुसरी मर्यादा म्हणजे ती फक्त पैशांचा हिशेब मागते. हा हिशेब महत्त्वाचा आहेच. त्याचे सर्वांत प्रसिद्ध प्रकरण बेबी पेगीचे नव्हे, जॅकी कूगनचे. चार्ली चॅप्लिनच्या 'द किड' (१९२१) या चित्रपटातला तो फाटक्या कपड्यांतला मुलगा. त्याने बालवयात तीस ते चाळीस लाख डॉलर्स मिळविले असावेत, असा अंदाज केला जातो. १९३५ साली तो एकवीस वर्षांचा झाला. त्याच वर्षीच्या मे महिन्यात एका मोटार-अपघातात त्याचे वडील गेले होते. पुढे आईने घरच्या व्यवस्थापकाशी लग्न केले, आणि कमाईतले आपल्याला काहीच मिळणार नाही हे मुलाच्या ध्यानात आले. १९३८ साली त्याने आई आणि सावत्र वडील यांच्याविरुद्ध दावा लावला. आईची बाजू कायद्याला धरून होती. अज्ञान मुलाची कमाई आईबापांची, असा तेव्हाचा दंडक होता. शिल्लक सुमारे अडीच लाख डॉलर्स निघाली आणि १९३९ च्या तडजोडीत त्यांतले १ लाख २६ हजार त्याच्या पदरात पडले. या खटल्याने लोकमत इतके ढवळून निघाले की त्याच वर्षी कॅलिफोर्नियाने बालकलाकारांच्या संरक्षणाचा कायदा केला. त्याला आजही 'कूगन कायदा' असेच म्हणतात. त्यात पळवाटा होत्या. न्यायालयापुढे मंजुरीसाठी आलेल्या करारांनाच तो लागू होई. २००० सालापासून अमलात आलेल्या सुधारणेने मात्र मुलाची कमाई ही मुलाचीच मालमत्ता ठरविली आणि तीतला किमान १५ टक्के वाटा विश्वस्त-खात्यात ठेवणे बंधनकारक केले.

बेबी पेगीला या कायद्याचा काडीचाही उपयोग झाला नाही. १९३९ साली ती विशीत पोहोचली होती आणि ज्यावर हक्क सांगावा, असे काही उरलेच नव्हते. पण समजा, उरले असते. समजा, पंधरा टक्के तिच्या नावे जमा असते. तरी एक हिशेब बाकी राहिलाच असता. तो नावाचा आणि आठवणींचा आहे. 'बेबी पेगी' हे नाव तिने घेतलेले नव्हते. जाहिरातीने ते दिले आणि बाहुलीवर छापले. तिच्या बालपणाच्या गोष्टी घरात सांगितल्या जात, त्या बहुतांशी यशाच्या गोष्टी. पाण्याखाली बेशुद्ध पडलेल्या मुलीला त्या गोष्टींत जागा कशी असावी? आणि जो पुरावा म्हणून पाहता आला असता, तो चित्रपटच नाहीसा झाला. १९२६ साली सेंच्युरी स्टुडिओ आगीत सापडला. तिचे बहुसंख्य लघुपट आज उपलब्ध नाहीत. हे दुर्दैव तिच्या एकटीचे नव्हे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या पाहणीनुसार अमेरिकेतील मूक कथापटांपैकी सुमारे ७० टक्के कायमचे हरवले आहेत. नायट्रेटच्या पट्ट्या पेटत, कुजत, आणि बोलपट आल्यावर तर जुने डबे जपण्यात कोणालाच रस उरला नाही. एका मुलीचे बालपण चोहोबाजूंनी छायाचित्रित झाले आणि तरीही त्याची नोंद राहिली नाही, असा हा विचित्र प्रकार आहे.

अशा माणसाने 'मी' कुठून आणावा?

तिने प्रथम नाव टाकले. 'डायना' घेतले, कॅथलिक पंथ स्वीकारल्यावर 'सेरा' घेतले आणि चित्रकार बॉब केरी यांच्याशी १९५४ साली दुसरा विवाह झाल्यावर 'केरी' आले. टेलिफोन ऑपरेटर, पुस्तकांच्या दुकानातील विक्रेती, विद्यापीठाच्या ग्रंथभांडारासाठी पुस्तके खरेदी करणारी, अशी अनेक कामे तिने केली. आपण कोण होतो, हे ती शक्यतो सांगत नसे. आपल्या भाषेत सांगावयाचे तर ती अज्ञातवासात होती. परंतु पुस्तकांच्या सहवासातला अज्ञातवास हा बहुधा फार काळ रिकामा राहत नाही. ती लिहू लागली. आणि इथून आम्ही 'त्या' असे म्हणणार आहोत.

डायना सेरा केरी यांनी कोणती पुस्तके कोणत्या क्रमाने लिहिली, याकडे आमच्या मते पुरेसे लक्ष दिले गेलेले नाही. पहिले पुस्तक १९७५ चे, 'द हॉलीवूड पॉसी'. त्याचा विषय बेबी पेगी नाही. तो आहे चित्रपटांत घोडे पिटाळणारे, पडणारे आणि हाडे मोडून घेणारे अनाम काऊबॉय. म्हणजे वडिलांची माणसे. दुसरे पुस्तक १९७० च्या दशकाच्या अखेरीचे, 'हॉलीवूड्स चिल्ड्रन'. त्यात विषय आहे बालनटांची सबंध पिढी, त्यांचे आईबाप आणि त्यांना राबविणारी व्यवस्था. तिसरे पुस्तक १९९६ चे, 'व्हॉट एव्हर हॅपन्ड टू बेबी पेगी?' हेच काय ते आत्मचरित्र. तेव्हा लेखिका सत्याहत्तर-अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या होत्या. चौथे २००३ चे, जॅकी कूगनचे चरित्र.

हा क्रम पाहिला की आम्हांला एक गोष्ट प्रकर्षाने जाणवते. सामान्यतः माणूस स्वतःपासून लिहायला आरंभ करतो आणि जमले तर जगाकडे जातो. केरी उलट वाटेने आल्या. आधी वडिलांचा व्यवसाय आणि त्याचा ऱ्हास. मग आपल्यासारखी इतर मुले. मग आपण. आणि त्यानंतर पुन्हा दुसरा, म्हणजे ज्याचे नाव कायद्याला मिळाले तो मुलगा. ज्या वडिलांनी आपल्याला घोड्यासारखे शिकविले, त्यांचा न्याय करण्याआधी त्यांनी त्या वडिलांचे जग लिहून काढले. खुली कुरणे कुंपणांखाली गेली, कसब निरुपयोगी ठरले, आणि पडण्यासाठी रोज मिळणारे पैसे हाच त्या कसबाचा उरलेला भाव झाला. अशा माणसाच्या घरात दीड वर्षाची मुलगी अचानक त्याच्या कित्येकपट कमावू लागली, तर त्याच्या पुरुषपणाचे, बापपणाचे काय होत असेल? जॅक माँटगोमेरी यांचा हट्ट, त्यांचा निर्मात्याशी झालेला तंटा, मुलीच्या यशाचे श्रेय आपल्या शिस्तीला देण्याची त्यांची धडपड, या सर्वांचा उलगडा या पार्श्वभूमीवर होतो. उलगडा म्हणजे क्षमा नव्हे. केरी यांच्या लेखनाचा मोठेपणा आम्हांला यातच दिसतो की त्यांना वडील समजले आणि तरीही पाण्याखालची ती मुलगी त्यांनी लपविली नाही.

आत्मचरित्राच्या अभ्यासकांना यातून एक प्रश्न मिळतो. केरी यांच्यापुढे दोन साहित्ये होती. एक स्वतःची स्मृती, तीही दोन ते सहा वर्षांच्या वयातली. दुसरे, बाहेर उरलेले अवशेष : छायाचित्रे, करार, कात्रणे, मोजके चित्रपट. यांतले दुसरे साहित्य जवळजवळ सगळे प्रसिद्धीखात्याने निर्माण केलेले. त्यातली मुलगी नेहमी हसरी. म्हणजे आपली स्मृती आपल्याच छायाचित्राविरुद्ध उभी करावयाची होती. हे काम कबुलीजबाबाच्या गद्याने होणारे नव्हते. त्याला इतिहासकाराची शिस्त लागते. ही शिस्त त्यांनी आधीच्या दोन पुस्तकांत, इतरांच्या आयुष्यांवर कमावली होती. त्यामुळे १९९६ च्या पुस्तकातला 'मी' हा साक्षीदाराचाही आहे आणि साक्ष तपासणाऱ्याचाही.

तुलनेसाठी आपल्या वाचकांना हंसा वाडकर यांचे 'सांगत्ये ऐका' (१९७०) आठवेल. त्याही घरच्या गरजेपोटी कोवळ्या वयात चित्रपटांत आल्या, त्यांच्याही कमाईवर इतरांची सत्ता राहिली. पण वाडकर यांच्या 'मी'चे बळ त्याच्या बोलीत आहे. शीर्षकातल्या क्रियापदापासूनच समोर कोणी ऐकणारा बसला आहे, असे वाटते. केरी यांच्या 'मी'चे बळ कागदपत्रांशी झालेल्या झटापटीत आहे. एकीने आवाज परत मिळविला, दुसरीने पुरावा. दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून शिकविली, तर स्त्रियांच्या आत्मकथनाला सरसकट 'व्यथा' या एका खणात टाकण्याची आपली सवय थोडी कमी होईल, अशी आमची आशा आहे.

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, केरी यांची पुस्तके लोकप्रिय चित्रपट-साहित्यात मोडतात, त्यांवर वाङ्मयीन चर्चेचा एवढा भार कशासाठी? आमचे उत्तर असे की 'वाङ्मयीन' कशाला म्हणावयाचे, हे शैलीवरून ठरविण्याची सवय आपल्याला जडली आहे. आपल्याच आयुष्याच्या अपहृत कथेवर पुन्हा मालकी सांगण्यासाठी रचनेचा, क्रमाचा आणि निवेदकाच्या स्थानाचा इतका विचार जिथे झालेला आहे, तिथे वाङ्मयीन प्रश्न नाही असे म्हणणे कठीण आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. उतारवयात केरी मूकपटांच्या महोत्सवांना जाऊ लागल्या, 'बेबी पेगी' म्हणून चाहत्यांना भेटू लागल्या. २०१२ साली त्यांच्यावर एक माहितीपटही निघाला. ज्या नावापासून पळ काढला, त्याच नावाच्या आश्रयाला जाणे ही शेवटची शरणागती नव्हे काय? आम्हांला तसे वाटत नाही. व्यासपीठावर झेंडा हातात देऊन उभ्या केलेल्या मुलीला बोलण्याची मुभा नव्हती. नव्वदीतल्या बाईंना लोक प्रश्न विचारीत आणि त्या उत्तरे देत. त्या काळाविषयी जिवंत माणसांत त्यांच्याइतके जाणणारे फारसे कोणी उरले नव्हते. बालकलाकारांच्या हक्कांसाठी त्यांनी आपला शब्द खर्च केला. तेच नाव, पण आता ते वाक्याचे कर्म नव्हते, कर्ता होते. २०१७ साली, नव्व्याण्णवाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, त्यांनी 'द ड्राउनिंग ऑफ द मून' ही कादंबरी प्रसिद्ध केली. २४ फेब्रुवारी २०२० रोजी कॅलिफोर्नियातील गस्टाइन या गावी, वयाच्या एकशे एकाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

हे सारे आज सांगण्याचे कारण काय? कारण स्टुडिओ आता घरात आला आहे. आईबाप आपल्या मुलांची चित्रे घेऊन ती जगाला दाखवितात आणि त्यातून उत्पन्नही मिळवितात. अमेरिकेत इलिनॉय राज्याने २०२४ च्या जुलैपासून अशा मुलांच्या वाट्याची तरतूद लागू केली, कॅलिफोर्नियाने २०२५ च्या आरंभापासून कूगन कायद्याची व्याप्ती तिथवर नेली. आपल्याकडेही बालमजुरी प्रतिबंधक कायद्याच्या २०१७ च्या नियमांत बालकलाकाराला दिवसाला पाच तासांहून अधिक काम देऊ नये आणि त्याच्या उत्पन्नाचा किमान २० टक्के भाग राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावे मुदतठेवीत ठेवावा, असे सांगितले आहे. हे सर्व योग्यच आहे. परंतु कोणतेही विश्वस्त-खाते आठवण सांभाळू शकत नाही. आपल्या बालपणाची आपण पाहिलेली नसलेली, दुसऱ्यांनी रचलेली, हसरी आवृत्ती सर्वत्र पसरलेली आहे, हे ज्या मुलांना विसाव्या वर्षी कळेल, त्यांच्या 'मी'चे काय, हा प्रश्न केरी यांनी फार आधी सोडवायला घेतला होता.

आणि या प्रश्नाकडे दुरून पाहण्याचा अधिकार आम्हांला नाही. पाहुणे आले की आम्हीही मुलांना पुढे बोलावून "म्हणून दाखव" म्हणत आलो आहोत. एकदा आमच्यापैकी एकीच्या घरी कविता म्हणता म्हणता मुलगा अडखळला आणि रडू लागला, तेव्हा पाहुण्यांनी "किती गोड रडतो" म्हणून कौतुक केले आणि त्याची आई, म्हणजे आम्हांतलीच एक, त्या कौतुकाने सुखावली. हा प्रसंग तिने वर्गातल्या त्या प्रश्नानंतर प्रथमच बोलून दाखविला. मुलगा आता महाविद्यालयात आहे. त्याला तो आठवतो का, हे तिने अजून विचारलेले नाही.

त्या विद्यार्थिनीला आम्ही आता काय उत्तर देऊ? इतकेच की, ती मुलगी रडत होती, कारण तिला रडायला सांगितले होते. आणि सांगितले म्हणून आलेले अश्रू खरे की खोटे, हे ठरविण्याचा अधिकार पडद्यासमोर बसलेल्या आपणांपैकी कोणालाच नाही. तो ज्यांना होता, त्यांनी तो सत्तर वर्षांनी वापरला. आत्मचरित्राच्या तासिका पुन्हा सुरू होतील, तेव्हा चित्रपटाआधी आम्ही ते पुस्तक वर्गात नेणार आहोत.